साठ महिन्यांची सरासरी आणि न उचललेला गॅस: पेट्रोनेट-रासगॅस कराराचा प्रकरण अभ्यास

नैसर्गिक वायूच्या धंद्यातले शब्द पाठ करून कळत नाहीत. एसीक्यू, टेक-ऑर-पे, मेक-अप, स्लोप, एफओबी, जीसीव्ही यांतला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी खिशातून पैसे काढतो किंवा वाचवतो. ते कसे, हे पाहायला २०१५ साली पेट्रोनेट एलएनजी आणि कतारची रासगॅस यांच्यात झालेल्या फेरवाटाघाटींइतके चांगले उदाहरण भारतात दुसरे नाही. करार तोच, गॅस तोच, टर्मिनल तेच. तरी काही शब्दांची व्याख्या बदलल्यावर भाव जवळपास निम्मा झाला.

मूळ करार

पेट्रोनेट एलएनजी १९९८ मध्ये स्थापन झाली. गेल, ओएनजीसी, इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियम या चार सरकारी कंपन्यांचा तीत प्रत्येकी १२.५ टक्के वाटा आहे. १९९९ मध्ये तिने रासगॅसशी वर्षाला ७५ लाख टन एलएनजीचा, म्हणजे अतिथंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूचा, २५ वर्षांचा खरेदी करार केला. २००४ मध्ये गुजरातेतील दहेज टर्मिनल सुरू झाले. सुरुवातीला ५० लाख टन आणि पुढे उरलेले २५ लाख टन अशी उचल वाढत गेली. आलेला गॅस गेल ६० टक्के, इंडियन ऑइल ३० टक्के आणि भारत पेट्रोलियम १० टक्के असा वाटून घेतात. महाराष्ट्राचा संबंध इथे पाइपलाइनने येतो. दहेजहून उरण, पनवेलमार्गे दाभोळपर्यंत गेलेल्या वाहिनीतून हाच पुनर्वायूकृत गॅस, धंद्यातल्या भाषेत आर-एलएनजी, राज्यातल्या कारखान्यांपर्यंत पोचतो.

करारात टन लिहिले असले तरी पैसे टनावर दिले जात नाहीत, ते उष्णतेवर दिले जातात. एकक आहे एमएमबीटीयू, म्हणजे दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट किंवा साधारण २,५२,००० किलोकॅलरी. एक टन एलएनजीत सुमारे ५२ एमएमबीटीयू उष्णता असते, म्हणून ७५ लाख टन म्हणजे वर्षाला सुमारे ३९ कोटी एमएमबीटीयू. हा आकडा हाताशी ठेवावा. भावात एक डॉलरचा फरक पडला की वर्षाला ३९ कोटी डॉलरचा फरक पडतो.

पाइपलाइनवाले हीच गोष्ट तिसऱ्या एककात सांगतात: एमएमएससीएमडी, म्हणजे दिवसाला दशलक्ष प्रमाण घनमीटर. वर्षाला दहा लाख टन एलएनजी म्हणजे साधारण ३.६ एमएमएससीएमडी, तेव्हा कतारचा हा करार सुमारे २७ एमएमएससीएमडीचा. प्रमाण घनमीटर भारतात १५ अंश सेल्सिअस आणि १.०१३२५ बार निरपेक्ष दाबाला मोजतात. काही यंत्रांच्या कागदपत्रांत ‘नॉर्मल’ घनमीटर असतो, तो शून्य अंशाला. दोन्हींत साडेपाच टक्क्यांचा फरक आहे. बर्नरच्या माहितीपत्रकातला नॉर्मल घनमीटर तसाच उचलून गॅसची मागणी नोंदवली, तर पहिल्या दिवसापासून मागणी कमी पडते.

भाव कसा ठरत होता

तेलाशी बांधलेल्या एलएनजी करारात भावाचे सूत्र बहुधा असे असते: तेलाचा भाव गुणिले स्लोप, अधिक स्थिरांक. तेल डॉलर प्रति पिंप, उत्तर डॉलर प्रति एमएमबीटीयू. स्लोप म्हणजे तेल एका डॉलरने हलले की गॅस किती हलतो. एका पिंपात सुमारे ५.८ एमएमबीटीयू उष्णता असते, म्हणून उष्णतेच्या हिशेबाने बरोबरीचा स्लोप १७.२ टक्के येतो. या करारातला स्लोप १२.६७ टक्के होता. म्हणजे तेवढ्याच उष्णतेसाठी तेलापेक्षा साधारण पाव हिस्सा स्वस्त.

पहिली पाच वर्षे तेलाचा भाव २० डॉलर असा गोठवला होता. वीसचे १२.६७ टक्के म्हणजे २.५३ डॉलर. २००८ च्या जुलैत तेल १४० डॉलरच्या पलीकडे गेले तेव्हाही भारत कतारला २.५३ डॉलरच देत होता. २००९ पासून टप्प्याटप्प्याने गोठवलेला भाव सोडून सूत्राकडे जायचे ठरले होते आणि २०१४ पासून भाव पूर्णपणे सूत्रावर आला.

सूत्रातले तेल जेसीसी हे होते. जपानच्या सीमाशुल्क खात्याकडे नोंदल्या जाणाऱ्या आयात कच्च्या तेलाचा तो सरासरी भाव; आशियातले जुने एलएनजी करार बहुतेक त्याच्यावरच बांधलेले आहेत. खरी मेख पुढे होती. त्या महिन्याचा भाव थेट न घेता त्याला मागच्या ६० महिन्यांच्या सरासरीने वेसण घातली होती. करार करताना ही वेसण खरेदीदाराचे संरक्षण म्हणून ठेवली गेली, आणि तेल चढत होते तोवर तिने ते काम चोख केले.

२०१४ च्या मध्यानंतर तेल कोसळले. ११० डॉलरच्या आसपासचे ब्रेंट, म्हणजे जगभरात भावाचा मापदंड मानले जाणारे कच्चे तेल, २०१५ च्या जानेवारीत ५० च्या खाली आले. लांब सरासरीचे काय होते, ते सोप्या आकड्यांनी पाहू. समजा ५४ महिने तेल १०५ डॉलर होते आणि शेवटचे सहा महिने ५० डॉलर.

साठ महिन्यांची सरासरी: (५४ × १०५ + ६ × ५०) ÷ ६० = ९९.५ डॉलर. गॅसचा भाव: ९९.५ × ०.१२६७ = १२.६१ डॉलर.

तीन महिन्यांची सरासरी: ५० डॉलर. गॅसचा भाव: ५० × ०.१२६७ = ६.३४ डॉलर.

स्लोप तोच, तेल तेच. सरासरीची मुदत बदलली आणि उत्तर दुप्पट झाले. आणखी एक वर्ष तेल ५० वरच राहिले असे धरा. सरासरी ८८.५ पर्यंतच उतरते, गॅस ११.२१ डॉलरच्या खाली येत नाही. प्रत्यक्ष आकडे याच्या जवळच होते: कराराचा गॅस १२ ते १३ डॉलर, आणि स्पॉट बाजारात, म्हणजे एकेक जहाज सुटे घेणाऱ्या बाजारात, ७ डॉलरच्या आसपास. एलएनजी करार वाचणारे पहिली नजर स्लोपवर टाकतात. सरासरीच्या मुदतीचे कलम त्याच्या खालच्या परिच्छेदात असते, आणि तेल वेगाने हलले की जास्त पैसा त्या परिच्छेदात असतो.

न उचललेला गॅस

भारतीय ग्राहकांनी करायचे तेच केले. पुढच्या कारखान्यांनी महाग आर-एलएनजी घेणे कमी केले, त्याचा भार गेल, इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियमवर आणि तिथून पेट्रोनेटवर आला. २०१५ मध्ये कतारच्या करारातला सुमारे ६८ टक्केच माल उचलला गेला. दहेज टर्मिनल मात्र रिकामे नव्हते. त्याच टाक्यांत स्पॉटची जहाजे रिकामी होत होती.

इथे टेक-ऑर-पे लागू होते: घ्या, नाहीतर पैसे भरा. त्याचे भाग सुटे करून पाहिले पाहिजेत, कारण बोलताना सगळे एकात मिसळले जाते.

एसीक्यू हे वर्षाचे करारातले प्रमाण. त्यातून आधी काही वजावटी होतात: विक्रेत्याने न दिलेला माल, दर्जात न बसलेला आणि म्हणून नाकारलेला माल, फोर्स मॅज्युअरमुळे, म्हणजे आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे, अडकलेला माल आणि करारात दिलेली घट करण्याची सवलत. उरलेल्या प्रमाणाच्या ठरावीक टक्क्यांना टेक-ऑर-पे प्रमाण म्हणतात; या धंद्यात ते बहुधा ९० टक्के किंवा त्याहून जास्त असते. वर्षअखेर उचल त्याच्या खाली राहिली, तर तुटीचे पैसे करारभावाने भरायचे.

फोर्स मॅज्युअरबद्दल गैरसमज फार आहे. वादळाने जेट्टी बंद पडणे, टाकीचा बिघाड, युद्ध ही कारणे त्यात बसतात. बाजारात दुसरीकडे स्वस्त मिळते हे कारण कोणत्याही शहाण्या करारात बसत नाही. खरेदीदाराला तो रस्ता बंद होता.

भरलेले पैसे बुडतात असेही नाही. त्यांच्या बदल्यात मेक-अपचा हक्क मिळतो, म्हणजे तेवढा गॅस पुढच्या वर्षांत घेता येतो. पण त्याला अटी असतात. आधी त्या वर्षाचे ठरलेले प्रमाण पूर्ण उचलावे लागते, मगच मेक-अप सुरू होतो. विक्रेत्याकडे जास्तीचा माल आणि जहाजाला जागा हवी. मुदत संपली की हक्क संपतो. आणि पैसे आज गेलेले असतात, गॅस चार वर्षांनी येतो. मधले व्याज कुणी देत नाही. शिवाय मेक-अप घेताना भाव कोणता, भरला तो की त्या दिवसाचा, हे कलम स्वच्छ लिहिलेले नसेल तर भांडण ठरलेलेच. ज्या वर्षी मागणी नाही म्हणून तूट पडली, त्याच्या पुढच्या वर्षी मागणी एकशे दहा टक्के असेल असे समजून मेक-अपवर विसंबणे हा खरेदी विभागांचा नेहमीचा भ्रम आहे.

तुटीची किंमत काढू. ७५ लाख टनांचे ३२ टक्के म्हणजे २४ लाख टन, म्हणजे साधारण १२.५ कोटी एमएमबीटीयू. १२.५ डॉलरने १५६ कोटी डॉलर, आणि ६५ रुपयांच्या विनिमय दराने १०,००० कोटी रुपयांच्या घरात. सरकारने तेव्हा सांगितलेला आकडा १२,००० कोटींचा होता.

साखळीत आणखी एक धोका होता. पेट्रोनेटचे कतारशी टेक-ऑर-पे, तिच्या खरेदीदारांचे पेट्रोनेटशी टेक-ऑर-पे आणि गेलसारख्यांचे पुढच्या कारखान्यांशी वेगळे करार. याला बॅक-टू-बॅक रचना म्हणतात. टक्केवारी, वर्षाची व्याख्या, वजावटी हे सगळे तिन्ही थरांत तंतोतंत जुळले तरच बोजा खालपर्यंत सरकतो. एका थरात कॅलेंडर वर्ष आणि दुसऱ्यात आर्थिक वर्ष असेल, तर तेवढ्यानेसुद्धा मधली कंपनी अडकते.

टेक-ऑर-पे आणि यूज-ऑर-पे यांची गल्लतही टाळावी. पहिले गॅसच्या किमतीचे, दुसरे टर्मिनलच्या क्षमतेच्या भाड्याचे. आपला एलएनजी दहेजला उतरवून घेण्यासाठी जागा राखून ठेवणारा ग्राहक जहाज आणो वा न आणो, रीगॅसचे, म्हणजे द्रवाचा परत वायू करण्याचे, पैसे देतो. पाइपलाइनच्या क्षमतेसाठी हाच नियम शिप-ऑर-पे म्हणून येतो. एखाद्या ग्राहकावर तिन्ही एकाच वेळी लागू शकतात.

३१ डिसेंबर २०१५ ची तडजोड

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सुधारित करार झाला आणि १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याचे चार भाग होते. भाव जेसीसी आणि ६० महिन्यांच्या सरासरीऐवजी ब्रेंटच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर आला. २०१५ च्या तुटीचे पैसे माफ झाले, पण प्रमाण माफ झाले नाही. न उचललेला गॅस कराराच्या उरलेल्या काळात, २०२८ पर्यंत, घ्यायचा ठरला. भारताने वर्षाला आणखी १० लाख टन घ्यायचे कबूल केले. आणि १२.६७ टक्के स्लोप तसाच ठेवून ०.५२ डॉलरचा स्थिरांक जोडला गेला.

२०१५ च्या शरदातले ब्रेंट ४७ डॉलरच्या आसपास होते. ४७ × ०.१२६७ + ०.५२ = ६.४७ डॉलर. तेव्हा जाहीर झालेला ६ ते ७ डॉलरचा भाव याच्याशी जुळतो.

स्थिरांक बारीक दिसतो, पण तो तेलाबरोबर खाली येत नाही. ८५ लाख नाही, मूळच्या ७५ लाख टनांवरच धरले तरी ०.५२ डॉलर म्हणजे वर्षाला सुमारे २० कोटी डॉलर, तेल कितीही पडले तरी. विक्रेत्याने लांब सरासरी सोडताना घेतलेली ती किंमत होती, आणि आमच्या मते ती रास्त होती. कतारनेही हे उदारपणाने केले नाही. ऑस्ट्रेलियाचे नवे प्रकल्प बाजारात येत होते, अमेरिकेच्या सबीन पासहून पहिले जहाज २०१६ च्या फेब्रुवारीत निघाले. जवळचा, कायमचा ग्राहक जपणे आणि त्याला आणखी दहा लाख टन विकणे त्यांच्या हिताचे होते.

छोट्या सरासरीला दुसरी बाजूही आहे. तेल चढले की तीन महिन्यांत भाव चढतो. २०२२ मध्ये ब्रेंट ११० डॉलरला असताना या सूत्राने १४.४६ डॉलर येतात. पण त्याच वर्षी आशियातला स्पॉट भाव ३० डॉलरच्या वर गेला होता, आणि ज्या कराराला २०१५ मध्ये महाग म्हणून नाकारले जात होते त्याच्यावरच खतकारखाने टिकून राहिले.

बिलावर दिसणारा फरक

६.४७ डॉलर हा कतारमधल्या रास लफानच्या जेट्टीवरचा भाव, एफओबी. त्यावर जहाजभाडे, विमा, सीमाशुल्क (तेव्हा ५ टक्के, २०१७ च्या अर्थसंकल्पात २.५ टक्के झाले), रीगॅस शुल्क, विपणन मार्जिन, पाइपलाइनचे दर आणि राज्याचा व्हॅट चढतो, नैसर्गिक वायू जीएसटीच्या बाहेर असल्याने व्हॅटची वजावट उत्पादकाला मिळत नाही. नुसता एफओबी भाव घनमीटरमध्ये आणून पाहू. जीसीव्ही, म्हणजे एका घनमीटर गॅसमधली एकूण उष्णता, १०,००० किलोकॅलरी धरली तर एका एमएमबीटीयूत २५.२ घनमीटर. ६५ रुपयांच्या दराने १२.५ डॉलरचा गॅस ३२ रुपये घनमीटर पडतो, ६.५ डॉलरचा १६ रुपये ८० पैसे.

हे गणित करताना जीसीव्ही की एनसीव्ही हे पहिल्यांदा विचारावे. जीसीव्हीत ज्वलनातून झालेल्या वाफेची उष्णता धरतात, एनसीव्हीत सोडतात. नैसर्गिक वायूत एनसीव्ही साधारण ९० टक्के येते. नोव्हेंबर २०१४ पासून देशी गॅसचा भाव जीसीव्हीवर ५.०५ डॉलर ठरला, तोच एनसीव्हीवर ५.६१ डॉलर होता. एकाच गॅसचे हे दोन भाव आहेत. दोन पुरवठादारांचे देकार शेजारी ठेवताना एकाचा आधार जीसीव्ही आणि दुसऱ्याचा एनसीव्ही असेल, तर दहा टक्के महाग देकार स्वस्त वाटून मंजूर होतो. बॉयलरची कार्यक्षमता माहितीपत्रकात बहुधा एनसीव्हीवर दिलेली असते आणि बिल जीसीव्हीवर येते. इंधनखर्चाचा अंदाज चुकण्याचे हे सर्वांत साधे कारण.

एफओबीतून डीईएसकडे

६ फेब्रुवारी २०२४ रोजी गोव्यात भरलेल्या इंडिया एनर्जी वीकमध्ये याच कराराला २०२८ नंतर आणखी २० वर्षांची मुदतवाढ मिळाली, वर्षाला ७५ लाख टनांसाठी. रासगॅस २०१८ च्या आरंभी कतारगॅसमध्ये विलीन झाली होती, म्हणून समोरचा पक्ष आता कतारएनर्जी होता. महत्त्वाचा बदल एका तीन अक्षरी संज्ञेत आहे: एफओबीच्या, म्हणजे माल भरण्याच्या बंदरावरच्या भावाच्या, जागी डीईएस, म्हणजे माल उतरण्याच्या बंदरावरचा भाव.

एफओबीत मालकी आणि जोखीम रास लफानला जहाज भरतानाच खरेदीदाराकडे येते. पेट्रोनेटसाठी त्यामुळे दिशा, राही, असीम ही जहाजे दीर्घ भाड्यावर घेतली गेली. मोजणीही तिथेच होते: टाक्यांतली पातळी, तापमान आणि दाब मोजून घनफळ, त्याला घनता आणि जीसीव्हीने गुणून उष्णता, त्यातून द्रव भरताना जहाजातून किनाऱ्याकडे परत गेलेल्या वाफेची उष्णता वजा. १,३८,००० घनमीटरच्या जहाजात सुमारे ६१,००० टन, म्हणजे जवळपास ३२ लाख एमएमबीटीयू बसतात. उणे १६२ अंशांचा हा द्रव वाटेत सतत थोडा उकळत राहतो. अशा जहाजांचा बॉइल-ऑफ दिवसाला ०.१५ टक्क्यांपर्यंत धरतात; चार दिवसांत सुमारे १९,००० एमएमबीटीयू. तो जहाजाच्या बॉयलरमध्ये जळतो म्हणून वाया जात नाही, पण एफओबीत त्याचे पैसे खरेदीदाराने आधीच दिलेले असतात. टाक्या थंड ठेवण्यासाठी परतीच्या फेरीला मागे ठेवावा लागणारा थोडा एलएनजी, हील, हाही त्याचाच.

डीईएसमध्ये पैसे दहेजला उतरलेल्या उष्णतेचे. जहाज, बॉइल-ऑफ, हील आणि वाटेतला उशीर विक्रेत्याच्या खात्यात. प्रसिद्ध झालेल्या तपशिलांनुसार स्लोप १२.६७ टक्केच राहिला, ०.५२ चा स्थिरांक गेला आणि सुमारे ०.३० डॉलरचा वाहतूक खर्च विक्रेत्याकडे गेला. बेरीज ०.८२ डॉलर. ३९ कोटी एमएमबीटीयूंवर वर्षाला ३२ कोटी डॉलर, २० वर्षांत ६.४ अब्ज; जाहीर झालेला बचतीचा आकडा ६ अब्ज डॉलरचा आहे.

बदल्यात खरेदीदाराला वेळापत्रकाची शिस्त जास्त पाळावी लागेल. डीईएसमध्ये जहाज विक्रेत्याचे असते, आणि दहेजच्या टाकीत जागा नसल्याने ते ताटकळले तर डेमरेज, म्हणजे जहाज अडकवल्याचा आकार, खरेदीदार भरतो, शिवाय ठरलेल्या वेळेपलीकडे उकळलेल्या गॅसचीही भरपाई मागितली जाते. वार्षिक वितरण कार्यक्रम, म्हणजे एडीपी, ठरवताना पावसाळ्यातल्या खंबातच्या आखातातली भरती-ओहोटी, टाक्यांच्या देखभालीचे दिवस आणि खतकारखान्यांचे शटडाउन या तिन्ही तारखा एकाच कागदावर आणण्याचे काम आता आणखी नेमके करावे लागेल.